मुंबई-कराची : हवाई अंतर आणि उड्डाणाचा कालावधी

अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरील मुंबई आणि कराची या दोन बंदरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८८० किलोमीटर, म्हणजेच अंदाजे ४७५ सागरी मैल आहे. मुंबई ते दिल्ली हे अंतर सुमारे १,१४० किलोमीटर असल्याने, मुंबईला दिल्लीपेक्षा कराची अधिक जवळ आहे. थेट उड्डाणाने हे अंतर कापण्यास जेट विमानाला साधारणपणे दीड तास पुरतो. पाकिस्तानची प्रमाणवेळ भारतीय प्रमाणवेळेपेक्षा अर्ध्या तासाने मागे आहे.

ताशी ८०० किलोमीटर वेगाचा हिशेब केल्यास हा प्रवास एका तासाहून थोडा अधिक भरतो. मात्र धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे आणि वाऱ्याची दिशा यांमुळे प्रत्यक्ष कालावधी वाढतो.

टाटांच्या हवाई टपाल सेवेचा प्रारंभ याच मार्गावर झाला. लंडनहून येणारे हवाई टपाल १९२९ पासून कराचीस पोहोचू लागले होते. ते पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाचे 'पुस मॉथ' विमान कराचीहून मुंबईस आणले. सकाळी निघालेले हे विमान अहमदाबादला थांबून दुपारी जुहू येथे उतरले. त्या वेळी दोन्ही शहरे मुंबई इलाख्यातच होती. सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ रोजी इलाख्यातून वेगळा झाला.

फाळणीनंतर हा मार्ग आंतरराष्ट्रीय झाला. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे. त्यामुळे दोन्ही देशांतील संबंध बिघडताच विमानसेवाही खंडित होत आली. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' या भारतीय विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. दोन्ही देशांतील विमानसेवा १९७६ मध्ये पूर्ववत झाली. संसदेवरील हल्ल्यानंतर जानेवारी २००२ पासून पुन्हा बंदी आली, ती जानेवारी २००४ मध्ये उठली. पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी परस्परांच्या विमानांना पुन्हा मज्जाव केला आणि ही बंदी पुढे वेळोवेळी वाढवण्यात आली.

थेट सेवा नसते तेव्हा प्रवाशाला तिसऱ्या देशातून जावे लागते. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते कराची सुमारे १,१९० किलोमीटर धरल्यास एकूण अंतर ३,१०० किलोमीटरहून अधिक, म्हणजे मूळ अंतराच्या साडेतीन पट होते. दोन उड्डाणांचे सुमारे पाच तास आणि मधल्या विमानतळावरील प्रतीक्षा मिळून हा प्रवास १९३२ च्या त्या छोट्या विमानाच्या प्रवासाइतका किंवा त्याहूनही लांबतो. तिकिटाचा वाढीव खर्च वेगळाच. सीमेच्या दोन्ही बाजूंना आप्त असलेल्या कुटुंबांना विवाह, आजारपण वा अंत्यविधीच्या प्रसंगी हा विलंब सर्वाधिक जाणवतो.