करवती काठ आणि पिक्सेलची कुळकथा

मोठ्या भांडवलावाचून, एकट्याने अथवा दोघा-तिघांच्या मेळ्याने संगणकावरील खेळ रचणारी जी तरुण मंडळी आता लहान गावांतूनही दिसू लागली आहेत, त्यांना झाड, भिंत, पायरी, धावणारा माणूस ही चित्रे स्वतः रेखाटण्याची सवड किंवा हातोटी नसली तरी त्यांचे काम अडत नाही. कारण ओपनगेमआर्टसारख्या भांडारांत अशी चौकटीचौकटींनी घडवलेली चित्रे विनामूल्य पडून आहेत आणि परवान्याच्या अटी पाळल्या तर ती उचलून खेळात बसवण्यास कोणाची हरकत नाही. या पिक्सेल आर्टचे कूळ विचारले की जाणकार १९८३ च्या जपानी फॅमिकॉम यंत्राकडे बोट दाखवतात, ज्याचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांनी भरला जाई. तो भाग सर्वविदित आहे. माझे प्रतिपादन असे, की हे कूळ त्याहून कितीतरी प्राचीन असून त्याची एक जिवंत शाखा रामटेकच्या आसमंतात, नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या कोष्ट्यांच्या हातमागावर आहे.

करवती काठाची टसर साडी विदर्भात परिचित आहे. ऐन आणि अर्जुन या वृक्षांवर ढिवर समाजाने जोपासलेल्या कोशांचे टसर अंगाला, आणि काठाला वेगळ्या रंगाचे सूत किंवा रेशीम, अशी तिची घडण. दोन्ही काठांसाठी एकेक आणि अंगासाठी एक असे तीन धोटे चालवून काठाचा आडवा धागा अंगाच्या धाग्यात गुंतवीत न्यायचा, आणि या गुंतवणीची जागा मोजक्या धाग्यांनी पुढे-मागे सरकवीत करवतीचे दाते उमटवायचे. भिंगाखाली हा दाता धरला तर त्याची तिरपी कड तिरपी उरतच नाही. ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते आणि पायऱ्यांनीच उतरते. पिक्सेलच्या चित्रकाराला तिरपी रेघ काढायची असता तो याहून निराळे काही करीत नाही, कारण त्याच्याही पुढे उभ्या-आडव्याचे जाळेच आहे.

हे दाते रामटेकच्या गडावरील देवालयांच्या शिखरांवरून घेतले, असे सांगितले जाते. ही कथा मला प्रिय आहे, आणि म्हणूनच ती तपासून घेणे मी कर्तव्य समजतो. कांचीपुरमच्या कोरवै साडीत काठ आणि अंग तीन धोट्यांनीच जोडले जातात आणि तेथेही काठावर शिखरे उमटतात. ओडिशातल्या फोडा कुंभाच्या काठाचीही रीत तीच. तेथल्या विणकरांपुढे रामटेक नव्हते. यावरून माझा तर्क असा, की दाता हा आधी मागाचा आणि मग देवळाचा: दोन रंगांची गुंतवण एकाच सरळ रेषेत केली तर तेवढ्याच ओळीवर गाठींचा ताण येतो, ती मागे-पुढे विभागली तर वस्त्र टिकते, आणि या व्यवहारी गरजेतून जी आकृती आपोआप निपजली तिला प्रत्येक प्रांताने आपल्या डोळ्यांसमोरचे शिखर बहाल केले. रामटेकच्या विणकराने टेकडीकडे पाहून दाते कल्पिले नसतील; पण दाते पाहून त्याला टेकडी आठवली असेल, यात मला संदेह वाटत नाही.

माझ्या मताला खरे प्रतिस्पर्धी आहे ते रंगीत खड्यांचे जडावकाम, ज्याला युरोपात मोझेक म्हणतात. मॅकिंटॉश संगणकाची चिन्हे बत्तीस बाय बत्तीस चौकटींत रेखाटणाऱ्या सुझन केअर यांनी तर मोझेक आणि सुईकाम या दोहोंशी या कलेचे नाते जोडले आहे, म्हणजे साक्षीदाराची जबानी निम्मी विरुद्ध पक्षाकडे जाते. तथापि खडे एकसारखे नसतात, कारागीर ते वळणाच्या रोखाने लावतो, आणि म्हणून त्याचे चित्र दुसऱ्याला मोजून उतरवता येत नाही. विणकामाचे व भरतकामाचे चित्र मोजून उतरवता येते. आणि फुकट चित्रांच्या प्रसाराचे मर्म मला या मोजणीतच दिसते. आउग्सबुर्ग येथे १५२० च्या दशकात नमुन्यांची पुस्तके छापली जाऊ लागली, १५८७ मध्ये पॅरिसला विंचोलो या व्हेनिसच्या माणसाने चौकटींवर मांडलेल्या नक्ष्या प्रसिद्ध केल्या, आणि पुस्तक विकत घेणारी गृहिणी घरे मोजून तीच नक्षी आपल्या वस्त्रावर उतरवी. ठिपक्यांच्या रांगोळीची आपली पुस्तके याच रक्ताची.

नक्कल करण्याची ही मुभा पूर्वी वहिवाटीने मिळे. आता तिला सनद लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने २००२ च्या अखेरीस आले. २००९ मध्ये आलेल्या सीसी-झिरोने कर्ता आपले सर्व हक्क सोडून देऊ लागला. आणि २०१२ च्या लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेने बत्तीस ठिपक्यांच्या मापाची एकजिनसी चित्रे घडवून ती अशा अटीवर दिली, की कर्त्याचे नाव सांगावे आणि त्यावरून केलेली कृतीही तितकीच मोकळी ठेवावी. चित्र उचलणाऱ्याने ही कलमे नीट वाचावीत, सोळा आणि बत्तीसची मापे एका पडद्यावर मिसळू नयेत, आणि चित्र मोठे करताना दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीनेच करावे, नाहीतर कडा पुसट होतात.

या भांडारांत युरोपीय किल्ले आणि भुयारे विपुल सापडतात. करवती काठ मला आढळलेला नाही. तो घडवण्यास सोळा ठिपक्यांचा एक तुकडा आणि दोन रंग पुरे होतील. त्यावर सीसी-झिरोची सनद मी लावणार नाही. विदर्भाच्या करवत काठी साडीला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळालेली आहे. ती नोंद वस्त्राच्या नावाचे रक्षण करते, पडद्यावरच्या चित्रापर्यंत ती पोहोचत नाही. तेव्हा नाव सांगण्याची अट सनदेतच घातलेली बरी, म्हणजे तो तुकडा जगातल्या ज्या कोण्या खेळात शिरेल, त्याच्या श्रेयनामावलीत नागपूर-भंडाऱ्याच्या कोष्ट्यांचा उल्लेख बंधनकारक राहील.