कोयनेलचा धडा

औषधांचा सांठा किती आहे, एवढें विचारून राज्यकर्ते पुष्कळदां निश्चिंत होतात. परंतु पुढील माल किती ठिकाणांहून येणार, आणि एक वाट बंद पडल्यास दुसरी उघडण्यास किती काळ लागणार, हे प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात. कोयनेलचा इतिहास पाहिला म्हणजे याची खात्री पटते.

हिंवतापावरील हें औषध सिंकोना वृक्षाच्या सालीपासून निघतें. हा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. १८६० नंतर इंग्रजांनीं त्याची लागवड निलगिरींत व दार्जिलिंगच्या डोंगरांत केली. परंतु चार्लस लेजर या व्यापाऱ्यानें बोलिव्हियांतून मिळविलेलें उत्कृष्ट बीं १८६५ सालीं डच सरकारच्या हातीं गेलें. त्यापासून जावा बेटांत वाढलेल्या झाडांच्या सालींत कोयनेलचें प्रमाण इतकें अधिक निघालें कीं, इतर देशांचे मळे मागें पडले. एके ठिकाणीं चांगला माल भरपूर मिळूं लागतांच जगानें दुसरीकडे पाहणें सोडलें. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं जगांतील सुमारें नऊ-दशांश कोयनेल जावाच्या सालीपासून होत असे.

मार्च १९४२ मध्यें जावा जपानच्या ताब्यांत गेलें. सिंकोनाचें झाड साल काढण्याजोगें होण्यास कित्येक वर्षें लागतात. तेव्हां कितीहि पैसा ओतला तरी तूट लगेच भरून येणें शक्य नव्हतें. मेपाक्रीन हें कृत्रिम औषध निघालें होतें, पण त्यावर पहिला हक्क सैन्याचा ठरला. पुढच्याच वर्षीं बंगालवर दुष्काळ कोसळला. उपासानें खंगलेल्या माणसांत हिंवतापानें थैमान मांडलें, आणि त्याच सुमारास कोयनेल दुर्मिळ झालें. ज्या प्रांताच्या उत्तरेस सरकारी सिंकोनाचे मळे उभे होते, त्याच प्रांताची ही दशा! मळे होते, पण देशाची गरज भागवील इतके ते कधींच वाढविले गेले नव्हते.

ही जुनी गोष्ट झाली, असें कोणी म्हणेल. परंतु मार्च २०२० मध्यें चीनमधील कारखाने साथीमुळें अडले, तेव्हां भारत सरकारला पॅरासिटामॉलसह कांहीं औषधद्रव्यें व त्यांपासून बनणारीं औषधें मिळून २६ वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. गोळ्या आपल्याकडे होत होत्या. त्यांचीं मूलद्रव्यें मात्र बऱ्याच अंशीं चीनमधून येत होतीं.

दुसरी वाट राखण्यास खर्च येतो, आणि शांततेच्या काळांत तो व्यर्थ वाटतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. मात्र जमाखर्चाच्या एका बाजूस तो खर्च मांडणाऱ्यानें दुसऱ्या बाजूस १९४३ चें बंगाल मांडावयास विसरूं नये.