गीताच्या खुणा
26 ऑक्टोबर 2015 रोजी पाकिस्तानातून भारतात परतलेली कर्णबधिर गीता इंदूरला राहिली. पुढे तिच्या घराचा शोध परभणीकडे वळला, तो ज्ञानेंद्र पुरोहितांसारखे खुणांच्या भाषेचे जाणकार तिच्या खुणा वाचू शकले म्हणून: रेल्वे स्टेशन, नदी, मंदिर. खुणा करणारा एकटा पुरत नाही, समोरच्यालाही त्या याव्या लागतात. न बोलणाऱ्या मुलाचंही तसंच. नुसता चित्रतक्ता हाती देऊन काय होणार? ‘पाणी हवं?’ विचारताना आईनंच पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायला हवं, तेही रोज. चित्रांची सवय लागली की मूल बोलायचंच नाही, ही घरोघरची धास्ती समजण्यासारखी आहे, पण निराधार. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांच्या 2006 च्या आढाव्यात चित्रं-खुणा वापरणाऱ्या आणि काटेकोर पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं घटलं नाही, बहुतेकांचं वाढलं. आयआयटी मुंबईत घडलेलं ‘जेलो’ हे अशाच चित्रांचं ॲप मराठीतही आहे.