अठराव्या वर्षानंतर

दरवर्षी एप्रिल उजाडला की मी जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला द्यायचा एक हिशेब लिहायला बसतो. माझा धाकटा भाऊ मतिमंद आहे. आजच्या कायद्याच्या भाषेत बौद्धिक अक्षम. आई गेल्यावर त्याचा कायदेशीर पालक मी झालो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत पालकाने मालमत्तेचा आणि जमाखर्चाचा तपशील द्यायचा असतो. जालन्यात बियाण्यांच्या कंपनीत माझी उभी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे ते काम जड जात नाही. पण भाऊ दिवसभर काय करतो, कुणाशी बोलतो, त्याच्या मनाविरुद्ध काय घडते, याला त्या कागदात रकाना नाही. असा रकाना पूर्वी कधी होता का, हे पाहण्यासाठी मी जुने कायदे आणि निकालपत्रे चाळू लागलो.

ब्रिटिश अमदानीतल्या १९१२ च्या ल्युनसी ॲक्टने ‘वेडा’ या शब्दाच्या व्याख्येतच उपजत मंदबुद्धीचा माणूस धरला होता. घर सुटले तर त्याची वाट वेड्यांच्या इस्पितळाकडे जाई. १९४१ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटीने मुंबईत मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी वेगळे गृह काढले. १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू झाली. ही मोठीच पावले होती, पण डोळ्यांसमोर होते ते मूल. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मानसिक आजारातून वगळले. व्याख्या बरोबर झाली, पण मोठ्या वयाच्या माणसाने राहायचे कुठे, हा प्रश्न तसाच राहिला. निराधार असेल तर तो शाळेत नाहीतर बालगृहातच वाढत राहिला.

याचा परिणाम १९९४ च्या फेब्रुवारीत दिसला. पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या मतिमंद मुलींच्या शासकीय प्रमाणित शाळेतील अनेक जणींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. संस्थेचे नाव मुलींची शाळा. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया १८ ते ३५ वयाच्या. कारण सांगितले गेले ते असे, की पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही आणि कर्मचाऱ्यांवर ताण येतो. महिला संघटनांनी व अपंगांसाठी काम करणाऱ्यांनी विरोध केल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. मला या प्रकरणात हिशेबनिसाच्या नजरेने एकच गोष्ट दिसते. काळजी घेणारे हात कमी पडत होते, आणि ती तूट त्या बायकांच्या शरीरातून भरून काढली गेली.

२०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील मतिमंद मुलांच्या गृहातून उपासमारीच्या आणि अत्याचाराच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या समन्वयाखाली समिती नेमली. तपासणीला बळ आले, तरी ही तपासणीही मुलांच्या गृहांचीच होती.

‘अठरानंतर काय?’ हा प्रश्न राज्यात सर्वांत चिकाटीने विचारला तो शंकरबाबा पापळकर यांनी. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे त्यांनी १२३ बेवारस, दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. निराधार मतिमंद मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून त्याला संस्थेबाहेर काढू नये, यासाठी कायदा करावा ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आईबाप मुलाला अठराव्या वर्षी घराबाहेर काढत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्यांना सरकारला सांगत राहावी लागली.

राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चारच प्रादेशिक मनोरुग्णालये. मराठवाड्यात एकही नाही. जालन्याला असे रुग्णालय मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा ओळखीचे लोक मला म्हणाले, “चला, तुमची सोय झाली.” त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती. पण रुग्णालय आजाऱ्यासाठी असते आणि माझा भाऊ आजारी नाही. १९१२ ची व्याख्या कायद्यातून गेली, लोकांच्या बोलण्यातून अजून गेलेली नाही.

मध्यंतरी भावाला घेऊन एक निवासी संस्था पाहून आलो. फरशी लखलखीत, भिंतीवर वेळापत्रक, जेवण वेळेवर. पण धुतलेले कपडे एकाच ढिगात होते आणि ज्याच्या हाती जो येईल तो त्याने घालायचा. कुणाचीच स्वतःची पेटी नव्हती. भाऊ त्याचा निळा सदरा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आम्ही परत आलो.

तेव्हापासून संस्था पाहताना मी तीन प्रश्न विचारतो. इथे प्रत्येकाचे स्वतःचे कपडे आहेत का? रात्री किती माणसे जागी असतात? एखाद्याने ‘नको’ म्हटले तर पुढे काय होते? बोलता न येणारा स्वमग्न माणूस हाताने, ओरडून किंवा ताट सरकवून ‘नको’ म्हणतो. ते ओळखणारे कुणी आहे का, हेही पाहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्व आणले. त्यात निर्णय पालकाने त्या व्यक्तीसोबत मिळून घ्यायचा असतो. माझ्या तीन प्रश्नांना त्याचा आधार आहे, असे मी समजतो.

यंदाच्या हिशेबाला मी एक जादा पान जोडले. भाऊ पहाटे पाचला उठतो, वांगे खात नाही, फटाक्यांना घाबरतो, संध्याकाळी मोती तलावाकडे चक्कर झाली नाही तर झोपत नाही. समितीने हे मागितलेले नाही. पण माझ्यानंतर त्याला जो कुणी सांभाळेल, त्याला जमाखर्चाआधी हे पान लागेल.