पौरोहित्याचें भांडवल

कोणताही व्यवसाय मांडावयाचा म्हटला म्हणजे तीन गोष्टींची जुळवाजुळव करावी लागते. अंगीं विद्या पाहिजे, हातीं साधनें पाहिजेत आणि दारीं गिऱ्हाईक पाहिजे. सुतार-सोनारांना ह्या तीन गोष्टी जितक्या आवश्यक, तितक्याच त्या पुरोहितालाही आवश्यक आहेत. परंतु पौरोहित्य हें धर्मकृत्य असल्यामुळें त्याच्याकडे व्यवसाय ह्या दृष्टीनें पाहण्याची आपणांस संवय नाहीं. घरांत मुंज निघाली, लग्न ठरलें किंवा वास्तुशांत करावयाची झाली, कीं भटजींना निरोप जातो. ते येतात, विधि उरकतो, दक्षिणा दिली जाते. ह्या गृहस्थांनीं आपली पात्रता कशी मिळविली, आणि त्यांच्याऐवजीं दुसऱ्या कोणी तें काम केलें असतें तर चाललें असतें काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. महाराष्ट्रांत मात्र ह्यांतल्या दुसऱ्या प्रश्नावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद चालला, तो कोर्टांत गेला आणि अखेर त्यासाठीं कायदा करावा लागला. तो इतिहास पाहिला म्हणजे ह्या व्यवसायाचें खरें भांडवल कोणतें, ह्याचा कांहींसा उलगडा होतो.

आधीं विद्येचा विचार करूं. वैदिक आणि याज्ञिक हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, पण दोघांचें शिक्षण वेगळें. वैदिकाचीं दहा-बारा वर्षें संहिता, पद व क्रम घोकण्यांत जातात. याज्ञिकाला इतकें पाठांतर नसलें तरी चालतें. त्याला पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, ग्रहमख, विवाहहोम, अंत्येष्टि इत्यादि प्रयोग बिनचूक आले पाहिजेत. यजमान ऋग्वेदी असेल तर आश्वलायनाच्या सूत्राप्रमाणें, शुक्ल यजुर्वेदी असेल तर पारस्कराच्या सूत्राप्रमाणें विधि चालवावा लागतो. श्राद्धतिथि आज धरावी कीं उद्यां, सुतक किती दिवसांचें, असे प्रश्न तर रोजचेच. त्यांसाठीं कमलाकरभट्टांचा १६१२ सालचा ‘निर्णयसिंधु’ आणि पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनीं १७९० च्या सुमारास रचिलेला ‘धर्मसिंधु’ हे ग्रंथ हाताशीं असत. ह्यांशिवाय आणखी एक विद्या आहे, ती मात्र कोणत्याच पोथींत सांपडत नाहीं. मुहूर्त जवळ आला आहे, वधू अजून गौरीहराशीं बसली आहे, वरपक्षाचें कोणीतरी रुसलें आहे आणि पंगतीचा खोळंबा झाला आहे, अशा वेळीं कोणता विधि आटोपता घ्यावा व कोणता सावकाश करावा, हें ज्याला कळतें तोच खरा जाणता पुरोहित. ही विद्या वडिलांच्या मागून दर्भाची जुडी घेऊन हिंडणाऱ्या मुलाला बघतां बघतां येत असे.

साधनांचें भांडवल त्या मानानें थोडें. सोवळें, पळी-पंचपात्र, ताम्हन, पोथ्यांचें दप्तर आणि पंचांग एवढ्यावर संसार चाले. बाकीचें साहित्य यादीबरहुकूम यजमानानेंच आणावयाचें. ह्या साधनांत घटिकापात्राला मोठें महत्त्व होतें. तळाशीं बारीक भोंक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यानें भरलेल्या घंगाळांत सोडीत. ती भरून बुडाली म्हणजे एक घटका, अर्थात् चोवीस मिनिटें, झाली. गांवांत दुसरें घड्याळ नव्हतें, म्हणून मुहूर्ताची वेळ जोशी सांगेल तीच. पंचांगाचीही तीच गोष्ट. जोशी स्वतः तें लिहून काढी आणि वर्षप्रतिपदेस गांवाला वाचून दाखवी. पुढें १८४१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजींनीं पंचांग छापून विकावयास काढलें. मागाहून घरोघर घड्याळेंही आलीं. काळ मोजण्याची जी किल्ली एका घराच्या हातीं होती, ती अशा रीतीनें बाजारांत थोडक्या किंमतींत मिळूं लागली.

परंतु खरी अडचण विद्येची नव्हती आणि साधनांचीही नव्हती. ती होती तिसऱ्या गोष्टीची. गांवजोश्याचें काम हें वतन होतें. बलुतेदारांत त्याची गणना होई आणि गांवांतल्या यजमानांचीं घरें ही त्याची वंशपरंपरेची मिळकत समजली जाई. भाऊ विभक्त झाले कीं शेताप्रमाणें वृत्तीचीही वांटणी होई. ती गहाण पडे आणि विकलीही जाई. नाशिक-त्र्यंबकेश्वरासारख्या क्षेत्रांत तीर्थोपाध्यायांच्या वह्या हीच दौलत असे, कारण यजमानाच्या आजा-पणजाचें नांव जिच्या पानावर सांपडेल त्या वहीच्या धन्याकडेच यात्रेकरूनें उतरावयाचें. अशा स्थितींत बाहेरगांवचा एखादा दशग्रंथी विद्वान जरी गांवांत येऊन राहिला, तरी वतनदाराच्या संमतीवांचून त्याला एक लग्न लावण्याची सोय नव्हती. उलट वतनदार अगदीं अडाणी असला तरी त्याची दक्षिणा चुकत नसे. इंग्रजी अमदानींतल्या कोर्टांनींही ह्या हक्काला मालमत्ता मानलें. यजमानानें दुसऱ्याकडून विधि करविला तरी जोश्याला आपली दक्षिणा वसूल करतां येते, असा निकाल मुंबईच्या हायकोर्टानें एकोणिसाव्या शतकांत दिला होता.

ह्या हक्कालाच आव्हान देण्याचें काम जोतीराव फुले ह्यांनीं केलें. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरला सीताराम आल्हाट व राधा निंबणकर ह्यांचा विवाह भटजींवांचून लागला. पुढें १८८४ सालीं जुन्नर तालुक्यांतील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनीं आपल्या घरचें लग्नकार्य ग्रामजोश्याला न बोलावतां केलें, तेव्हां प्रकरण कोर्टांत गेलें. ह्या चळवळीची एक बाजू मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पुरोहित नको असें म्हणणें सोपें आहे. त्याचें काम कोण व कसें करील हें ठरविणें अवघड आहे. लग्नाचा मांडव घातला म्हणजे चारचौघांसमक्ष कांहीं शब्द उच्चारावे लागतात, आणि ते उच्चारल्यानंतर आपण कालचीं राहिलों नाहीं असें दोघांनाही वाटावें लागतें. जोतीरावांनीं ही गरज ओळखली होती. म्हणूनच १८८७ सालीं त्यांनीं मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधि मराठींत छापून काढला. त्या मंगलाष्टकांत वधू आणि वर हीं स्वतःच एकमेकांना वचनें देतात. जें काम वर्षानुवर्षांच्या पाठांतरानें साधे, तें लहानशा छापील पुस्तकाच्या आधारानें गांवचा कोणीही साक्षर मनुष्य करूं शकेल, अशी ती योजना होती.

कोल्हापुरास ह्याच प्रश्नाला निराळें वळण लागलें. १८९९ च्या सुमारास वेदोक्ताचा वाद उद्भवला; वेदमंत्रांनीं विधि करण्यास राजोपाध्ये तयार होईनात, तेव्हां शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं त्यांचें वतन खालसा केलें. पुढें १९२० सालीं त्यांनीं श्रीशिवाजी क्षत्रिय वैदिक विद्यालय काढून मराठा पुरोहित तयार करण्याची व्यवस्था केली. जोतीरावांना मध्यस्थच नको होता. महाराजांनीं मध्यस्थ ठेविला, पण ती विद्या नव्या हातीं दिली. मार्ग भिन्न असले तरी दोघांचाही घाव पडला तो वतनावरच. अखेर १९२६ सालीं मुंबई इलाख्यांत कायदा झाला आणि ज्या विधीला आपणांस बोलाविलेंच नाहीं त्याची दक्षिणा मागण्याचा वंशपरंपरागत हक्क संपुष्टांत आला.

त्यानंतर उरलें काय? उरली ती केवळ विद्या, आणि यजमानाची मर्जी. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें विवाहासाठीं रूढ विधि आवश्यक मानला आहे. परंतु तो चालविणारा कोणत्या घराण्याचा, कोणत्या जातीचा, पुरुष कीं स्त्री, ह्याविषयीं अवाक्षर काढलेलें नाहीं. ह्याच मोकळीकीमुळें पुण्यास शंकरराव थत्ते ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास आरंभ केला, आणि ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेनें जातीचा व लिंगाचा निर्बंध न ठेवतां पुरोहित तयार केले. मंत्राचा अर्थ मराठींत सांगावयाचा, हा त्यांच्या पद्धतीचा विशेष. आरंभीं कोणी नाकें मुरडलीं असतील; परंतु ज्या घरीं एक कार्य नीट पार पडलें, त्या घरून पुढच्या घरीं नांव गेलें. धंदा वाढला तो ह्या मार्गानें.

ह्या सर्व इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वतन होतें तोंवर पुरोहिताला यजमानाचा विश्वास संपादण्याची गरज नव्हती, आणि त्यामुळें विद्येची हेळसांड झाली तरी तिचा जाब कोणी विचारीत नसे. वतन गेल्यानें पौरोहित्य बुडेल ही भीति खोटी ठरली. उलट तें शिकण्याची इच्छा ज्यांना पूर्वीं उंबरठाही ओलांडूं दिला जात नव्हता, अशांच्या मनांत उत्पन्न झाली. मात्र ही मोकळीक जितकी पुरोहिताची तितकीच यजमानाचीही आहे. आपल्या घरच्या मंगल प्रसंगीं कोणते शब्द उच्चारले जावे आणि ते कोणाच्या तोंडून यावे, हें ठरविण्याचा अधिकार मोठ्या झगड्यानंतर त्याच्या हातीं आला आहे. त्यानें विधि चालला असतां पाहुण्यांशीं गप्पा मारीत बसावें आणि ‘भटजी, लौकर आटपा’ एवढेंच सांगावें, हें त्या अधिकाराला शोभणारें नाहीं. अर्थ विचारणारा यजमान भेटला, तरच अर्थ जाणणारा पुरोहित घडेल.