रांगेचे गणित: कोपनहेगन ते दहावीचा निकाल

16 जुलै 2021 रोजी दुपारी 1 वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे ठप्प झाली. पुढचे कित्येक तास मुले, पालक आणि शिक्षक पडद्याकडे बघत बसले. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळे अनेकांना आपला बैठक क्रमांकही ठाऊक नव्हता. नावावरून तो शोधण्याची सोय मंडळाने केली होती. म्हणजे अंबडच्या मुलीने नाशिक जिल्हा निवडून आपले नाव भरायचे आणि कुठल्या तरी दूरच्या संगणकाने लाखो नावांतून तिचा क्रमांक काढून द्यायचा.

नावनिशीची अशी वही सांभाळून विचारणाऱ्याला उत्तर देणारा संगणक म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर. तो एका सेकंदात जास्तीत जास्त किती उत्तरे देऊ शकेल? हा प्रश्न संगणकाहून जुना आहे.

आग्नर क्रारुप अर्लांग हे डॅनिश गणितज्ञ 1908 साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत रुजू झाले. गर्दीच्या वेळी लोकांना ताटकळावे लागू नये म्हणून किती तारा जोडायच्या, हा तिथला रोजचा प्रश्न होता. कोण कधी फोन करील हे सांगता येत नाही, पण सगळ्यांचे मिळून येणारे कॉल पॉयसाँच्या वितरणाचा नियम पाळतात, असे त्यांनी 1909 च्या निबंधात दाखवले. 1917 साली त्यांनी प्रतीक्षेची आणि परत जाणाऱ्या कॉल्सची सूत्रे मांडली. नुसत्या सरासरीवर विसंबून चालत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

दहावीचेच उदाहरण घेऊ. 2021 मध्ये विद्यार्थी होते सुमारे पावणेसोळा लाख. प्रत्येकाने दिवसभरात एकदाच निकाल पाहिला, तर सेकंदाला सरासरी 18 विचारणा येतात. हे काम साधा संगणकही करील. पण हेच सगळे पहिल्या दहा मिनिटांत आले, तर सेकंदाला 2,625! (हा हिशेब वर्गात मुलांकडून करून घ्यावा, भागाकाराला जरा अर्थ येतो.)

दूरध्वनीची वही संगणकावर आली तेव्हा तिचे आंतरराष्ट्रीय मानक 1988 साली ठरले, एक्स.500. ते अवजड होते. 1993 साली मिशिगन विद्यापीठात टिम हाऊज आणि सहकाऱ्यांनी त्याची हलकी आवृत्ती केली, एलडॅप. पुढे कचेऱ्या आणि विद्यापीठांत प्रत्येक लॉगिनमागे अशा सर्व्हरला विचारणा होऊ लागली आणि त्याचा कस पाहणे भाग पडले.

कारखान्यात सळीचा नमुना तुटेपर्यंत ताणून पाहतात, तसेच हे. खोटे ग्राहक बनलेले संगणक आधी 10, मग 50, मग 100 विचारणा एकदम पाठवतात. सुरुवातीला ग्राहक वाढले की सेकंदागणिक उत्तरेही वाढतात. मग आलेख आडवा होतो. हीच कमाल क्षमता. यापुढे फक्त रांग वाढते. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, क्षमता सेकंदाला 500 उत्तरांची आणि रांगेत 5,000 जण असतील तर प्रत्येकाला 10 सेकंद थांबावे लागते. माणूस तेवढा थांबत नाही, पुन्हा बटण दाबतो. सर्व्हर मात्र निघून गेलेल्याचेही उत्तर शोधत राहतो, आणि आडवा आलेख चक्क खाली येतो.

चाचणीत फसगतही होते. तेच ते नाव विचारत राहिले तर उत्तर स्मृतीतून झटकन येते आणि सर्व्हर विनाकारण शूर ठरतो. कधी ताण देणारा संगणकच आधी दमतो. नावांची अनुक्रमणिका केलेली नसेल तर प्रत्येक विचारणेला सारी वही चाळावी लागते. आमच्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे सावकाश येणाऱ्या ग्राहकांवर चाचणी घेणे. दुपारी 1 वाजता सावकाश कोणीच येत नाही.

2024 साली दहावीचा निकाल डिजिलॉकरसह अनेक संकेतस्थळांवर एकाच वेळी उपलब्ध होता. अर्लांग असते तर त्यांनी आधी विचारले असते, मुले त्यांत वाटली कशी जाणार?