वारं गेलं, पण कोठून?

घरातले वडीलधारे माणूस सकाळी उठता उठता एका अंगावर कलंडले, की ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणावयाचे आणि तेलाची वाटी शोधावयाची, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. आयुर्वेदानेही पक्षाघाताची गणना वातव्याधींतच केली आहे. मात्र या वाऱ्याचे मूळ मेंदूच्या रक्तवाहिनीत असते, आणि नेमकी कोणती वाहिनी बिघडली हे रोग्याचे अंगच सांगते, हा शोध गेल्या साडेतीन शतकांतला आहे.

१६५८ साली स्वित्झर्लंडमधील वैद्य योहान वेप्फर यांनी झटक्याने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासून त्यांत रक्तस्राव झाल्याचे दाखवून दिले. १६६४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याचे वर्णन केले. त्यांच्या ग्रंथासाठी चित्रे काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होते. लंडनच्या सेंट पॉल चर्चची आजची वास्तू पुढे त्यांनीच उभारली.

मेंदूचा कोणता भाग कोणते काम करतो, हे कळण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी ‘तां’ एवढाच उच्चार करू शकणाऱ्या एका रोग्याचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर पाहिला. डाव्या अर्धगोलाचा पुढचा भाग बिघडलेला होता. मधल्या मोठ्या धमनीच्या शाखा या भागास रक्त पुरवितात. म्हणून ती धमनी डावीकडे तुंबली, तर उजवा हात व चेहरा लुळा पडतो आणि बहुधा वाचाही जाते. पुढची धमनी तुंबल्यास हातापेक्षा पाय अधिक दुबळा होतो. मागच्या धमनीचा फटका दृष्टीस बसतो. १८९२ साली देजेरीन यांनी वर्णिलेल्या रोग्यास लिहिता येई, पण स्वतः लिहिलेलेच वाचता येत नसे.

या इतिहासातील एक प्रकरण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. दान्झिगचे आडोल्फ वालेनबेर्ग यांच्या रोग्यास भोवळ आली, गिळता येईना. चेहऱ्याची एक बाजू बधिर, तर धडाची विरुद्ध बाजू बधिर. त्याच्या हातापायांतील बळ मात्र गेलेले नव्हते. केवळ या लक्षणांवरून लहान मेंदूच्या खालच्या, मागील धमनीत दोष असावा, असा तर्क वालेनबेर्ग यांनी १८९५ साली मांडला. पुढे रोगी मरण पावल्यावर शवविच्छेदनाने तो खरा ठरला, आणि १९०१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले.

आमच्या घरांतून अशी भोवळ व ओकारी आली, की ‘पित्त झालं’ म्हणून लिंबूसरबत पाजून निजवितात. हातपाय हलताहेत, मग अर्धांग कसले, असा त्यामागचा समज असतो. परंतु वालेनबेर्ग यांच्या रोग्याप्रमाणे गिळण्याची शक्तीच गेली असेल, तर तेच सरबत श्वासनलिकेत उतरते.

वाहिनी ओळखण्याची ही विद्या दीर्घकाळ निदानापुरतीच उपयोगी होती. ओळखूनही करण्यासारखे फार थोडे होते. ते चित्र १९९५ साली पालटले. तीन तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध दिल्यास अनेकांचे अपंगत्व टळते, असे त्या वर्षी अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेता येते असे आढळले. २०१५ च्या चाचण्यांनी मोठ्या धमनीतील गुठळी नळीवाटे ओढून काढण्याचा उपायही सिद्ध केला. मात्र रक्तस्राव असल्यास ते औषध घातक ठरते. म्हणून आधी मेंदूचे स्कॅन हवेच.

तेव्हा तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली, हात गळाला, अर्धी दृष्टी गेली किंवा एकाएकी तोल सुटून भोवळ आली, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी, तोंडात काही घालू नये आणि स्कॅनची सोय असलेले इस्पितळ गाठावे. तेलाची वाटी नंतरही सापडेल; गेलेला तास मात्र परत मिळत नाही.